पॅकिंग नवं टाकलं, तरी ऑइल गळतंच का?

मोटरसायकल गॅरेजमधून येते, बिलावर ‘फुल पॅकिंग किट’ लिहिलेलं असतं, आणि आठवडा उलटायच्या आत पार्किंगच्या फरशीवर पुन्हा ऑइलचा डाग. मग लोक दोनपैकी एक निदान करतात: पॅकिंग डुप्लिकेट होतं, नाहीतर मिस्त्रीने शेलॅक (पॅकिंगवर लावायचा चिकट लेप) कमी लावलं. पहिलं कधीकधी खरं असतं. दुसरं जवळजवळ कधीच नसतं. गळतीचं मूळ बहुतेक वेळा पॅकिंगच्या बाहेर सापडतं: उचकटताना खाच पडलेल्या धातूत, नको तितक्या आवळलेल्या बोल्टमध्ये, नाहीतर इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, तुंबलेल्या ब्रीदर पाइपमध्ये. या तिन्हींकडे न बघता कितीही वेळा किट बदललं तरी डाग परत येणारच.

मोटरसायकलचं इंजिन अनेक तुकड्यांचं असतं. खाली क्रँककेसचे (क्रँक ज्यात फिरतो त्या पेटीचे) दोन अर्धे, त्यावर ब्लॉक (ज्यात पिस्टन वर-खाली होतो), ब्लॉकवर हेड, हेडवर कव्हर, एका बाजूला क्लच कव्हर, दुसऱ्या बाजूला मॅग्नेट कव्हर. प्रत्येक सांध्यावर दोन धातू समोरासमोर येतात. मशीनवर फेस केलेलं ॲल्युमिनियम डोळ्याला कितीही गुळगुळीत दिसलं तरी त्यावर कटरच्या बारीक रेषा असतात, काही मायक्रॉन खोल. तापून पातळ झालेल्या ऑइलला बाहेर यायला तेवढी वाट पुरते. पॅकिंग म्हणजे या दोन धातूंच्या मधे ठेवलेला, त्यांच्याहून मऊ असा थर. बोल्ट आवळले की तो दबतो, त्या रेषांत शिरतो आणि वाट बंद होते. दाब नसेल तर तो नुसता कागद आहे.

हा दाब किती लागतो याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. स्प्लेंडरचं 97.2 सीसीचं इंजिन घेऊ. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 50 मिमी, म्हणजे पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ साधारण 19.6 चौरस सेंटिमीटर. पूर्ण थ्रॉटलला मिश्रण पेटतं तेव्हा सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या 40 ते 50 पटींवर जातो असं धरलं, तर हेडला ब्लॉकपासून दूर ढकलणारा जोर 800 ते 1000 किलोंचा होतो. इंजिन 6000 आरपीएमला फिरत असेल तर हा तडाखा सेकंदाला 50 वेळा बसतो. आणि हेड धरून ठेवायला स्टड, म्हणजे नट बसवायचे आट्यांचे दांडे, फक्त चार. 8 मिमीचा एक स्टड 20 न्यूटन-मीटरने नीट आवळला, तर तो सव्वा टनाच्या आसपास ओढ देतो. चौघांची मिळून पाचेक टन. ढकलणारा जोर एक टन आणि पकड पाच टन, या फरकावर हेड पॅकिंग जगतं. एका नटाची पकड निम्म्यावर आली की त्याच कोपऱ्यातून जळके वायू वाट काढायला लागतात, आणि एकदा वाट पडली की पॅकिंगची ती कड जळत जाते.

त्यात उष्णतेची भर. स्टड स्टीलचे, हेड आणि बहुतेक गाड्यांत ब्लॉकही ॲल्युमिनियमचा. तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. 100 मिमीच्या उंचीत तापमान 100 अंशांनी वाढलं तर ॲल्युमिनियम 0.23 मिमी वाढतं, स्टील 0.12 मिमी. म्हणजे गाडी चालवताना स्टड ताणले जातात आणि पॅकिंग आणखी दाबलं जातं, गाडी थंड झाली की ते पुन्हा थोडं सैल होतं. रोज सकाळ-संध्याकाळ हा खेळ चालू असतो. हेडचे नट थंड इंजिनावरच आवळायचे, असं मॅन्युअल सांगतं ते यामुळेच. गरम इंजिनावर लावलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) थंड झाल्यावर तेवढा उरत नाही.

आधी गळती शोधा

ऑइल जिथे दिसतं तिथूनच ते निघालेलं असतं असं नाही. ते वरून खाली ओघळतं, आणि चालत्या गाडीवर वाऱ्याने मागे पसरतं. उभ्या सिलिंडरच्या गाडीत हेड कव्हरचं रबर कडक झालं की ओघळ फिन्समधून उतरत ब्लॉकच्या बुडाशी जमतो आणि ‘ब्लॉक पॅकिंग गेलं’ असं ठरतं. मग एका रबरासाठी अख्खं हेड-ब्लॉक उतरवलं जातं. हे रबर कुकरच्या रिंगसारखंच वागतं: नवं असताना दाबलं की परत फुगतं, उष्णतेने जुनं झालं की चपटं आणि कडक होऊन बसतं, मग कितीही आवळा.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे चेनच्या पुढच्या स्प्रॉकेटच्या आजूबाजूची. तिथे आउटपुट शाफ्टचं ऑइल सील असतं, गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील असतं, काही गाड्यांत न्यूट्रल स्विचची ओ-रिंगही असते, आणि वर चेनवरून उडालेलं ल्युब. फिरणाऱ्या किंवा हलणाऱ्या शाफ्टभोवती सील असतं, दोन स्थिर तुकड्यांच्या मधे पॅकिंग. सील गेलेलं असताना मॅग्नेट कव्हरचं पॅकिंग बदलून काहीच होत नाही, पण बदललं मात्र हमखास जातं.

शोधण्याची पद्धत स्वस्त आहे. थंड इंजिन डिझेल आणि ब्रशने धुवायचं, पाण्याने साफ करायचं, पूर्ण सुकवायचं. मग संशय असलेल्या सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरायची आणि गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणायची. पावडरीवर ओली रेघ उमटते. तिचं खालचं टोक कुठे जातं याला महत्त्व नाही, वरचं टोक बघायचं.

हेड पॅकिंग गेल्याची लक्षणं वेगळी. चढावर गाडी दम टाकते, आयडलला ‘फस्स-फस्स’ असा आवाज येतो, हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर काळपट, काजळीमिश्रित डाग दिसतो. थंड इंजिन सुरू करून लगेच त्या सांध्यावर साबणाचं पाणी सोडलं तर बुडबुडे येतात.

पोटातली हवा

पाना उचलण्याआधी ब्रीदर बघायचा. हा भाग गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्षित असतो, आणि माझ्या मते निम्म्या ‘न थांबणाऱ्या’ गळत्यांचं उत्तर तिथे असतं.

पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या खालची क्रँककेसमधली हवा दाबली जाते. जुन्या 350 सीसी बुलेटचा बोअर 70 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 90 मिमी, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात 346 सीसी हवा खाली ढकलली जाते आणि परत वर ओढली जाते. शिवाय पिस्टनच्या रिंगांच्या कडेने थोडे जळके वायू खाली येतच असतात. ही हवा बाहेर पडायला ब्रीदर असतो. जुन्या बुलेटमध्ये त्याच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखं दिसणारं एक रबर असतं. ते हवा बाहेर जाऊ देतं, आत येऊ देत नाही. त्यामुळे क्रँककेसमधला दाब कमी राहतो आणि ऑइल आत राहतं. ते रबर कडक झालं, उलटं बसलं किंवा चिखलाने चिकटलं, की दाब आत कोंडतो आणि जिथे सापडेल तिथून बाहेर पडतो. त्या बुलेटी गळण्याबद्दल बदनाम झाल्या, त्यात या छोट्या रबराचा वाटा मोठा आहे.

आताच्या गाड्यांत ब्रीदरचा पाइप बहुतेक वेळा एअर फिल्टरच्या डब्यात जातो. तो दुमडला गेला, सीटखाली चेपला, किंवा त्यात ऑइल आणि पाण्याचा साका जमला तर परिणाम तोच. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या उघड्या पाइपात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं असू शकतं. पाइप काढून त्यात फुंकर मारून बघायला दोन मिनिटं लागतात. ब्रीदर मोकळा असूनही इंजिन चालू असताना त्यातून जोरात हवा येत असेल, तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. अशा इंजिनाला नवं पॅकिंग हा उपाय नव्हे.

खरवडण्याचं काम

पॅकिंगच्या कामातला अर्ध्याहून जास्त वेळ जुनं पॅकिंग काढण्यात गेला पाहिजे. गॅरेजमध्ये तो जात नाही, कारण गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि खरवडण्याचे पैसे कोणी देत नाही.

बोल्ट काढल्यावर कव्हर सहज सुटत नाही. अशा वेळी आधी बोल्ट पुन्हा मोजा. एखादा काळ्या चिखलाखाली दडलेला असतो आणि तोच कव्हर फोडतो. सगळे निघाले असतील तर रबरी किंवा नायलॉनच्या हातोडीने कडेकडेने ठोकायचं. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलं की मऊ ॲल्युमिनियमवर खाच पडते, आणि नखाला लागेल एवढी खाच कागदी पॅकिंग भरून काढू शकत नाही. बऱ्याच कव्हरांना उचकटण्यासाठी ओतीवातच एखादा कान पुढे काढलेला असतो. तो शोधा.

उघडल्यावर ऑइलचे मार्ग, स्टडची भोकं, टायमिंग चेनची खिडकी, सगळं स्वच्छ फडक्याने बुजवायचं. कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे सुटतात. जुन्या पॅकिंगवर थिनर किंवा पॅकिंग रिमूव्हर लावून थांबायचं, मग ब्लेड पृष्ठभागावर जवळजवळ आडवं धरून सोलत जायचं. ग्राइंडरला खरखरीत चकती लावून दोन मिनिटांत चकाचक करणारे लोक आहेत. चकाचक होतं खरं, पण पृष्ठभागाला खळगे पडतात, आणि चकतीचे सुटलेले कण ऑइलबरोबर क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जातात. जुन्या जावा-बुलेटच्या जमान्यातल्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती नेहमी ओली करूनच खरवडायची, धूळ उडू द्यायची नाही.

आता एक गोष्ट, जी फार थोडे लोक बघतात. बोल्ट वर्षानुवर्षं जास्त आवळला गेला की भोकाच्या तोंडाशी ॲल्युमिनियम वर ओढलं जातं आणि आट्यांभोवती बारीक उंचवटा तयार होतो. डोळ्याला तो दिसत नाही. सपाट ऑइलस्टोनवर थोडं ऑइल टाकून तो पृष्ठभागावर हलकेच फिरवा. भोकांभोवती चकचकीत कडी उमटली आणि बाकीचा भाग तसाच मळकट राहिला, म्हणजे उंचवटा आहे. कव्हर त्या उंचवट्यांवरच टेकतं आणि दोन बोल्टच्या मधे फट राहते. गळतंय म्हणून बोल्ट आणखी आवळला की उंचवटा आणखी वाढतो, फट आणखी वाढते. उपाय सोपा आहे: भोकापेक्षा मोठ्या मापाचं ड्रिल बिट हातातच धरून तोंडावर एक-दोन गिरक्या द्यायच्या, म्हणजे कड थोडी तिरपी होते, मग ऑइलस्टोनने सपाट करायचं. ड्रिल मशीन लावायचं नाही.

कव्हर वाकलंय का ते जाड काचेवर ठेवून कळतं. डुगडुगत असेल तर काचेवर 400 नंबरचा वॉटर पेपर पसरून, पाणी घालून, कव्हर इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत घासायचं. हेड मात्र स्टीलच्या सरळपट्टीने आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासायचं: उभं, आडवं आणि दोन्ही कर्णांवर. छोट्या इंजिनांत मॅन्युअलची मर्यादा साधारण 0.05 ते 0.10 मिमीच्या घरात असते. त्याहून जास्त वाक असेल तर हेड फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) द्यावं लागतं.

जाडी, शेलॅक आणि सिलिकॉन

बाजारात पॅकिंग शीट मिळते. ती कव्हरवर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने टकटक करत पॅकिंग कापायचं, हे कसब जुन्या मिस्त्रींच्या हातात असतं आणि बघायला मजा येते. साध्या क्लच कव्हरला ते चालूनही जातं, हातोडी हलकी पडली तर. जोरात पडली तर मशीन केलेली कड गोल होते. पण जिथे जाडीचा इंजिनाच्या मापांशी संबंध आहे, तिथे अंदाजाचं शीट नको. ब्लॉक पॅकिंग हे त्याचं ठळक उदाहरण. स्प्लेंडरच्याच 50 मिमी बोअरला ब्लॉक पॅकिंग 0.3 मिमी जाड पडलं, तर पिस्टनच्या वरची जागा 0.6 सीसीने वाढते. मूळ कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं) 9 धरलं तर ते 8.6 वर येतं. गाडी बंद पडत नाही, पण ‘काम केल्यापासून पिकअप गेला’ अशी तक्रार सुरू होते आणि बिचारा कार्ब्युरेटर परत परत उघडला जातो. उलट बाजूने, पातळ पॅकिंगने पिस्टन हेडच्या धोकादायक जवळ जाऊ शकतो. क्रँककेसच्या मधल्या पॅकिंगचंही तसंच. त्याच्या जाडीवर गिअरबॉक्सच्या शाफ्टची सैल-घट्ट ठरते.

शेलॅक लावायचंच, ही सवय जुन्या काळातली आहे. तेव्हा ओतीव खडबडीत असायचं, शीट हाताने कापलेली असायची, त्यामुळे काहीतरी चिकट भरणं भागच होतं. आजच्या कंपनीच्या पॅकिंगला त्याची गरज नसते. हेड पॅकिंग मग ते ग्राफाइटचं, कंपोझिट असो की स्टीलच्या अनेक पातळ पत्र्यांचं, ते कोरडंच बसवायचं. पत्र्यांच्या पॅकिंगवर रबराचा लेप कारखान्यातूनच येतो आणि पत्र्यांना दिलेली नक्षीदार उठावाची घडी स्प्रिंगसारखी दाब धरते. वर शेलॅक थापलं तर ती घडी नीट बसत नाही. कव्हरच्या कागदी पॅकिंगला एका बाजूने ग्रीसचं बोट फिरवलं तर पुढच्या वेळी ते न फाटता सुटतं. तेवढं पुरे.

ट्यूबमधून लावायच्या सिलिकॉनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खरा घोळ तिथे होतो. कागदी पॅकिंगवर दोन्ही बाजूंनी ओलं सिलिकॉन लावलं की बोल्ट आवळताना कागद बुळबुळीत होऊन बाहेर सरकतो, कधी बोल्टच्या भोकाशी फाटतो. आणि कव्हरच्या बाहेर जेवढी सिलिकॉनची लव दिसते, तेवढीच आतही गेलेली असते. ती सुकून तुटते, ऑइलबरोबर फिरते आणि जाळीवर जाऊन बसते. स्प्लेंडरच्या घराण्यात ऑइल पंपाआधी साधी तारेची जाळी असते. ती सिलिकॉनच्या तुकड्यांनी झाकली गेली तर कॅमपर्यंत (वाल्व उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) ऑइल कमी पोचतं आणि आवाज यायला लागतो हेडमधून. बाहेरची गळती थांबवण्यासाठी केलेलं काम आतलं इंजिन खाऊन जातं.

सिलिकॉनची स्वतःची जागा आहे. कित्येक जपानी घडणीच्या इंजिनांत क्रँककेसच्या दोन अर्ध्यांच्या मधे पॅकिंगच नसतं, कारखान्यातच लिक्विड गॅस्केट (पॅकिंगऐवजी लावायचा असाच लेप) लावलेलं असतं. तिथे ते लागणारच. हेड कव्हरच्या रबरात अर्धवर्तुळाकार भाग असतील तर त्यांच्या कोपऱ्यांवर थेंबभर लागतं. लावताना पृष्ठभागावर ऑइलचा अंशही नको, रेघ 2 ते 3 मिमीची आणि न तुटता, बोल्टच्या भोकाला आतल्या बाजूने वळसा घालून. साय धरायच्या आत कव्हर बसवायचं आणि पूर्ण पक्कं व्हायला साधारण 24 तास द्यायचे. सिलिकॉन हवेतल्या दमटपणामुळे सुकतं, म्हणून कोकणातल्या पावसाळ्यात ते झटकन साय धरतं आणि कोरड्या हवेत वेळ घेतं. संध्याकाळी कव्हर बसवून तासाभरात ऑइल भरून गाडी गिऱ्हाइकाच्या हातात दिली, तर सिलिकॉन वाया गेलं असं समजा.

ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा झोंबणारा वास आला तर ते इंजिनासाठी नव्हे. त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं, ते धातूला गंजवतं, आणि अशा सिलिकॉनच्या वाफा ऑक्सिजन सेन्सर खराब करू शकतात. एप्रिल 2020 पासून धुराचे बीएस-6 नियम लागू झाल्यावर साध्या कम्यूटर गाडीतही हा सेन्सर आलाय, त्यामुळे ट्यूबवर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलं बघूनच घ्या. आणि कार्ब्युरेटरच्या वाटीला सिलिकॉन कधीच नाही; पेट्रोलमध्ये ते फुगून मऊ पडतं. बाहेरून एम-सील थापणं हा प्रकार केसला तडा गेलेला असताना घरी पोचण्यापुरता ठीक आहे. सांध्यावर ते टिकत नाही, कारण खाली ऑइल झिरपतच असतं.

आवळणं

कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून, भोकं पाडून, बोल्ट काढतील तसे त्यात खोचत गेलं की गोंधळ होत नाही. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तो तळाला टेकतो, पाना ‘आवळलं’ असं सांगतो आणि कव्हर मात्र सैल राहतं. बंद तळाच्या भोकात ऑइल किंवा पाणी साचलेलं असेल तर ते आधी काढायचं. द्रव दबत नाही, त्यामुळे बोल्ट खाली जाताना ओतीवालाच तडा जातो.

आटे साफ असणं किती महत्त्वाचं, ते या हिशेबावरून कळेल: पान्याला दिलेल्या जोरापैकी जेमतेम दहा टक्के बोल्टला ताणण्यात जातो. साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात आणि बाकीचा आट्यांच्या घर्षणात संपतो. गंजलेल्या, माती बसलेल्या आट्यांवर टॉर्क पान्याने ‘टक्क’ केलं तरी पकड अर्धीच आलेली असू शकते. उलट, जिथे मॅन्युअल कोरडं सांगतं तिथे आट्यांना ऑइल लावलं तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. मॅन्युअल ‘ऑइल लावून’ म्हणत असेल तर लावायचं, नसेल तर नाही.

6 मिमीच्या कव्हर बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर लागतात. 15 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला हा जोर जेमतेम 7 किलोंचा होतो. मनगटाने, पाना डोक्याजवळ धरून आवळलं तरी तेवढा येतो. दंडाचा जोर लावला की आटे जातात. आटे गेले तर मोठा बोल्ट ठोकून बसवण्यापेक्षा हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) टाकून घ्या. एअर गन बोल्ट काढायला उत्तम आहे. कव्हर बसवायला ती वापरणाऱ्याकडे मी तरी गाडी देणार नाही. जास्त आवळण्याचं जुनं उदाहरण पुन्हा बुलेटचंच: युनिट इंजिन (गिअरबॉक्ससह एकाच केसमधलं) येण्यापूर्वीच्या बुलेटमध्ये प्रायमरी चेनचं बाहेरचं कव्हर मधल्या एकाच नटावर धरलेलं असतं आणि कडेने रबराचं सील. गळतंय म्हणून तो नट करकचून आवळला की मधला भाग आत ओढला जातो, कड विस्कटते आणि गळती वाढते.

हेडच्या बाबतीत डॉवेल (तुकडे नेमक्या जागी बसवणाऱ्या पिना) जागेवर आहेत का, पॅकिंगचं ऑइलचं भोक ब्लॉकच्या भोकावर आलंय का, एवढं आधी बघायचं. पॅकिंग उलटं बसू शकतं, आणि ऑइलचं भोक झाकलं गेलं तर कॅम कोरडा पडतो. काही छोट्या इंजिनांत एका स्टडच्या कडेनेच ऑइल वर चढतं. त्याच्या नटाखाली तांब्याचा वॉशर असतो, तो दुसऱ्या स्टडवर जाता कामा नये. नट आधी हाताने टेकवायचे, मग समोरासमोरच्या कर्णांवर, निम्म्या टॉर्कला एक फेरी आणि पूर्ण टॉर्कला दुसरी. एका बाजूचे दोन्ही नट आधी पूर्ण आवळले तर पॅकिंग तिरकं दबतं आणि ते परत सरळ होत नाही. जुनं हेड पॅकिंग परत वापरायचं नाही. शुद्ध तांब्याचं असेल तर लाल होईपर्यंत तापवून मऊ करून वापरता येतं. बाकी कोणतंही नाही.

टू-स्ट्रोक वाल्यांसाठी एक वेगळी सूचना. यामाहा आरएक्स 100 सारख्या इंजिनात क्रँककेस हा मिश्रण आत घेण्याच्या वाटेचाच भाग आहे. हवा-पेट्रोल आधी तिथे येतं, मग वर जातं. तिथलं पॅकिंग गेलं तर ऑइल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), पिस्टन तापतो आणि सीझ, म्हणजे जाम, होतो. जमिनीवर एकही डाग पडत नाही. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लटकून राहत असेल तर ब्लॉक पॅकिंग, रीड वाल्वचं पॅकिंग आणि क्रँकची सीलं तपासा. इथेही ब्लॉक पॅकिंगची जाडी बदलली की पोर्ट उघडण्याची वेळ बदलते.

लिक्विड कूल्ड गाड्यांत, म्हणजे चाकणमध्ये बनणाऱ्या केटीएम ड्यूकसारख्यांत, हेड पॅकिंगला ज्वलन, ऑइल आणि कूलंट असे तिघे वेगळे ठेवावे लागतात. रेडिएटरच्या झाकणाशी सतत बुडबुडे, कारण नसताना कमी होत जाणारं कूलंट, ऑइल दुधाळ होणं, ही लक्षणं दिसली तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नका. मात्र वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून कूलंट ठिबकत असेल तर ते पंपाच्या सीलचं काम आहे, हेड उघडायची गरज नाही.

सायलेन्सरच्या बेंडवरचं पॅकिंग उघडलं की नवंच टाकायचं. ते फुटकं राहिलं तर बीएस-6 गाडीत बाहेरची हवा सेन्सरपर्यंत पोचते, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) मिश्रण पातळ वाटतं, ते पेट्रोल वाढवतं आणि मायलेज पडतं. ड्रेन बोल्टचा वॉशरही बदलायचा, तो एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो.

ऑइल मापाने भरून गाडी सुरू केल्यावर पहिला अर्धा तास सायलेन्सरच्या बेंडवर सांडलेलं ऑइल आणि थिनर जळून धूर येतो. तो थांबला की गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची, ऑइलची लेव्हल परत बघायची, आणि हेड पॅकिंग कंपोझिट असेल आणि मॅन्युअल सांगत असेल तर नट त्याच क्रमाने पुन्हा तपासायचे. पत्र्यांच्या पॅकिंगला हे लागत नाही. कव्हरचे बोल्ट मात्र ‘अजून थोडं’ म्हणून फिरवायचे नाहीत.